पटलं नाही, तिथे हात वर

मंगळवारी दुपारी मी एका सहामजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो. दाराचा एक रोलर झिजला होता, तो बदलत होतो. खिशात फोन वाजला. आमच्या समोरच्या दारातला शिंपी होता. अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत, पण त्याने मला फोन कधी केला नव्हता.

"घरी या," तो म्हणाला.

"कुठल्या दवाखान्यात नेलंय?" मी विचारलं. असं का विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"दवाखान्यात नको. घरीच या."

मला काय ते कळलं. मी रोलर बसवला, चारही नट आवळले, लिफ्ट एकदा वर-खाली करून पाहिली आणि निघालो. नंतर नातेवाईक बोलले, बायको गेल्याचं कळूनही हा नट आवळत होता. बोलू देत. खाली माणसं खोळंबली होती.

बायको जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवरून कोसळली होती. चष्मा डोळ्यांवरच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कोणीही काही करू शकलं नसतं. त्या वेळी घरात तिच्यासोबत एकच माणूस होतं, तिच्या बहिणीची मुलगी. तिला सगळे बारकी म्हणतात. आता सव्वीस वर्षांची झाली तरी बारकीच. शिंप्याने मला सांगितलं ते असं. बारकी दार उघडून बाहेर आली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि बसूनच राहिली. उघड्या दारातून शिंप्याला जमिनीवरचे पाय दिसले, म्हणून तो आत धावला. डॉक्टरला त्यानेच बोलावलं. बारकीची बोटं कठड्यावरून सोडवायला त्याच्या बायकोला यावं लागलं.

मी बारकीला त्यावरून कधी काही विचारलं नाही. माणूस घाबरतं. त्यात विचारायचं काय?

आता बायकोच्या कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बावीस वर्षं तिने एका कंपनीत नोकरीसाठी आलेले अर्ज वाचले. नोकरी सोडल्यावर ती घरी, त्याच टेबलावर, बिझनेस स्कूलला जाणाऱ्या मुलामुलींचे निबंध बघायची. त्या लोकांना नुसते मार्क पुरत नाहीत. तुम्ही कोण, काय केलंत, कुठे तोंडावर आपटलात, हे पाच-सहाशे शब्दांत लिहून द्यावं लागतं. बायकोची एक रीत होती. निबंध लिहून झाला की तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. मी दहावी नापास, नुकताच कामावरून आलेला, हाताला ग्रीस. जिथे पटलं नाही तिथे मी हात वर करायचा. का पटलं नाही, हे सांगायची मला सक्ती नव्हती.

"ह्यांना पटलं तर कुणालाही पटेल," ती पोरांना म्हणायची. "आणि ह्यांना झोप लागली तर कागद फाड."

एकाने वाचलं, ‘मी चाळीस जणांचं नेतृत्व केलं.’ मी हात वर केला. बायको म्हणाली, "त्यातल्या पाच जणांची नावं सांग." त्याला तिघांचीच आठवली. मग त्याने त्या तिघांवरच निबंध लिहिला आणि त्याचा नंबर लागला.

ती जाऊन दोन महिने झाल्यावर एका रविवारी सकाळी साडू आले, बारकीला घेऊन. हातात छापील कागद.

"मावशी नाही, म्हणून एका प्रवेश-सल्लागाराकडे हिचं नाव घातलं," साडू म्हणाले. "मोठं ऑफिस आहे. निबंध काय झालाय म्हणता! तुम्ही एकदा ऐका, मावशीच्या पद्धतीने. तेवढंच तिला बरं वाटेल."

बारकी खाली बघत होती. "वाच ना," साडू म्हणाले. तिने वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या मुलीसारखी, एका सुरात.

निबंध माझ्या बायकोच्या मरणावर होता. ‘त्या दुपारी माझी मावशी माझ्यासमोर कोसळली. घरात मी एकटीच होते. क्षणाचाही विलंब न करता मी परिस्थितीची सूत्रं हाती घेतली. शेजाऱ्यांना कामं वाटून दिली, डॉक्टरांना बोलावलं आणि शेवटपर्यंत तिच्या छातीवर दाब देत राहिले. नेतृत्व म्हणजे काय, हे मला त्या दहा मिनिटांनी शिकवलं.’

मी हात वर केला.

"कुठे?" साडूंनी विचारलं.

"सूत्रांपासून खाली सगळं."

साडूंचा चेहरा उतरला, मग तापला. "काय बोलताय तुम्ही? माझ्या पोरीने तुमच्या बायकोचा जीव वाचवायला जिवाचं रान केलं. मी चार घरी अभिमानाने सांगितलंय. आणि तुम्ही इथे हात वर करताय?"

तेव्हा मला कळलं, की साडूंना खरं ठाऊकच नाही. त्यांचा ह्या कागदावर विश्वास होता. मी बारकीकडे पाहिलं. ती ओठ चावत होती. मी हात खाली घेतला नाही.

खाली कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. साडूंनी गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर लावली होती. ते तणतणत खाली गेले.

"काका, मी जिन्यात बसले होते," बारकी म्हणाली.

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"शिंप्याने. त्याच दिवशी."

तिने हातातल्या कागदाची घडी घातली. "त्या सल्लागारांनी विचारलं, मग तू लगेच धावलीस ना? आणि मी मान डोलावली. पुढचं त्यांनीच लिहिलं. घरी आल्यावर बाबांनी वाचलं, रडले आणि मला जवळ घेतलं. मग कसं सांगणार?"

"आणि तुझा आधीचा निबंध? तो मावशीसोबत लिहीत होतीस तो?"

"तो मी उघडूच शकत नाही. त्याच्याच एका ओळीवर बोट होतं तिचं."

साडू वर आले. मी त्यांना म्हणालो, "ह्या निबंधात माझी बायको आहे. तो पाठवायचा की नाही, ह्यात मलाही बोलायचंय. उद्या मला त्या ऑफिसात घेऊन चला."

"तिथे जाऊन शोभा करायची नाही."

"शोभा झालेलीच आहे."

सोमवारी सकाळी आम्ही तिघे गेलो. काचेची खोली, गुबगुबीत खुर्च्या. सल्लागार तिशीचा, अगदी गोड बोलणारा. माझी नजर भिंतीवर गेली. तिथे ‘यशस्वी निबंधांचे नमुने’ म्हणून एक फळा होता आणि त्यावर बारकीचा निबंध टाचलेला होता. नाव तेवढं काढलं होतं.

"अजून पाठवलाच नाही, तो यशस्वी कधी झाला?" मी विचारलं.

तो हसला. "होईलच हो, काका. फार भावणारा निबंध आहे. निवड समितीला लक्षात राहील असं काहीतरी लागतं."

"ती माझ्या लक्षात आहे. समितीने लक्षात ठेवून काय करायचंय?"

"काका, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण थोडाफार मीठमसाला सगळेच लावतात."

"थोडाफार?" मी म्हणालो. "तुम्ही तिथे होता का? मीही नव्हतो. जो होता तो शिंपी आहे. तुम्ही त्याला तुमच्या निबंधातून काढून टाकलंत."

साडूंनी माझा दंड धरला. "पुरे आता. पोरीचं वर्ष आहे हे. तिने केलं ते केलं, तुम्हाला का खुपतंय?"

"बाबा, मी काही केलं नाही," बारकी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. बाहेर बसलेली पोरं काचेतून बघायला लागली. "मी बाहेर पळाले आणि जिन्यात बसले. मावशी आत एकटी होती. सगळं शिंपीकाकांनी केलं. ह्यांनी विचारलं तेव्हा मला हो म्हणावंसं वाटलं. कारण मी धावायला हवं होतं."

साडू खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग काल बोलला का नाहीत?"

"ते तिने सांगायचं होतं."

सल्लागाराने घसा साफ केला. "हे बघा, घरातलं घरात ठेवू. निबंध उत्तम आहे. पडताळून बघायला कोणी येत नाही."

"मी हा पाठवणार नाही," बारकी म्हणाली.

"विचार कर. मुदत दहा दिवसांवर आलीये."

"केला."

मी फळ्यावरचा कागद काढायला गेलो, तर त्याने हात आडवा घातला. "त्याला हात लावू नका. सुरुवातीलाच सही घेतलीये, मजकूर आमचा आहे."

"मजकूर तुमचा असेल," मी म्हणालो. "त्यातली मेलेली बाई माझी आहे."

त्याने रखवालदाराला बोलावलं. रखवालदार माझ्याच वयाचा. त्याने मला धरलं नाही, नुसता शेजारून चालत दारापर्यंत आला.

त्याच दुपारी बारकी आमच्या टेबलाशी बसली आणि तिने जुना निबंध उघडला. ती एका धुलाई कारखान्यात काम करते. तिथून सात रुग्णालयांना रोज धुतलेल्या चादरी जातात. तिने कुणालाही न विचारता, कॉम्प्युटरवर ट्रकांचं नवं वेळापत्रक केलं होतं आणि पहिल्याच दिवशी एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळेला चादरी पोचल्या नाहीत. निबंध त्यावर होता. शेवटची ओळ अशी होती, ‘मग मी पहिल्या ट्रकमध्ये चढले आणि’. पुढे काही नव्हतं.

"वाच," मी म्हणालो.

ती दोनदा अडखळली, पण वाचत राहिली. ‘आणि’ला येऊन थांबली.

"चढलीस. मग काय झालं?"

"मग त्या अनुभवाने मला खूप समृद्ध…"

मी हात वर केला.

"काका!"

"ट्रकमध्ये काय झालं ते सांग."

"उलटी झाली."

"लिही."

ती हसली. बायको गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. मग ती सांगायला लागली. तीन आठवडे ती रोज ट्रकमध्ये बसली. शेवटी उतरवायचं ते ड्रायव्हर आधी चढवतात, हे तिला पहिल्या दिवशी कळलं. लहान मुलांच्या वॉर्डाचं गाठोडं ड्रायव्हर स्वतःच्या सीटशेजारी ठेवतो, कारण ते लोक कधीही मागतात, हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. हे कुठल्याच यादीत नव्हतं. शेवटी तिने आपलं वेळापत्रक रद्द केलं आणि ड्रायव्हरांना सोबत बसवून नवं केलं. ते आजही चालू आहे.

नऊ दिवस ती कामावरून थेट आमच्याकडे यायची. मी एकूण चौदा वेळा हात वर केला. पंधराव्या वेळी मला हात वर करायचा होता, पण ती म्हणाली, "नाही काका, हे खरं आहे, हे राहणार." आणि तिने ते ठेवलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी साडू तिला न्यायला आले. दारात उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. "बापाने लोकांना काय तोंड दाखवायचं?" एवढंच म्हणाले. मग, "आणि उलटीचं वाचून नंबर लागला नाही तर?"

"तर नाही लागला," बारकी म्हणाली. "पुढच्या वर्षी परत लिहीन. पण मावशीच्या छातीवर बसून मी आत शिरणार नाही."

आणि तिने तिथेच, त्यांच्यासमोर, अर्ज पाठवला. साडूंनी जाताना शिंप्याचं दार वाजवलं. आत काय बोलले मला माहीत नाही. अर्ध्या तासाने बाहेर आले.

ह्याला पाच आठवडे झाले. बिझनेस स्कूलकडून उत्तर यायचं आहे. त्या ऑफिसला मी दोन पत्रं दिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यानंतर त्यांनी निबंधातल्या मावशीची आजी केली, बाकी शब्द न् शब्द तोच. शनिवारी सुट्टी असते, तेव्हा मी जाऊन बघून येतो. परवाही जाऊन आलो. तो कागद अजून भिंतीवर आहे. मला तो उतरवता आलेला नाही.