सेहेचाळीस ग्रॅम

लॅपटॉपच्या पाठीला अकरा स्क्रू होते. दुरुस्तीला देतानाही अकराच होते. रबरी पाय चार. पिशवीत चार्जर नव्हता. आणि वजन जाताना एक हजार सातशे बेचाळीस ग्रॅम, येताना एक हजार सातशे अठ्ठ्याऐंशी.

सख्ख्या मामाच्या दुकानात लॅपटॉप देण्याआधी तो काट्यावर कोण ठेवतं? घरात जिला सगळे मोजपट्टी म्हणत, तिने ठेवला होता. कारण मावशी. दुरुस्तीच्या वेळी मामाने तिच्या लॅपटॉपमधली चांगली डिस्क काढून जुनी घातली, असं मावशी वर्षभर ज्याला त्याला सांगत होती. आईने तेवढ्यावरून बहिणीशी बोलणं टाकलं होतं. माझा भाऊ तसा नाही, एवढंच तिचं म्हणणं.

मोजपट्टीच्या लॅपटॉपची फक्त बिजागरी मोडली होती. आत एसएसडी होती, तिने स्वतः निवडून बसवलेली. तिच्यात काही फिरत नाही, वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम. मोटर आणि तबकडीवाल्या जुन्या हार्ड डिस्कचं चौऱ्याण्णव. वजाबाकी तिने पुन्हा करून पाहिली. सेहेचाळीसच. त्यात बॅटरी संपलेली आणि चार्जर नेमका मागे राहिलेला. लॅपटॉप इतक्यात सुरूच होऊ नये, अशी ही सोय तर नव्हे? तिच्या मनात पाल चुकचुकली.

ती लॅपटॉप घेऊन दुकानात गेली तेव्हा मामा डोळ्याला भिंग लावून एका तारेला डाग देत बसला होता. चार्जर राहिला बघ, म्हातारा झालो, असं म्हणत त्याने तो हसत पुढे केला. तिने घेतला नाही.

"मामा, आत डिस्क माझीच आहे ना? वजन सेहेचाळीस ग्रॅम वाढलंय."

मामाने भिंग काढलं. "वजन केलंस? माझ्याकडे देण्याआधी?"

 मग त्याने सांगितलं, की बिजागरीखालचं प्लास्टिक पार गेलं होतं, म्हणून दोन लोखंडी पट्ट्या बसवून वर घट्ट होणारं रेझिन ओतलं. उत्तर पटण्यासारखं होतं. जरा जास्तच पटण्यासारखं, जणू आधीपासून तयार ठेवलेलं. उघडून दाखव, ती म्हणाली.

"नाही उघडणार. उघडलं तर म्हणशील, मामाने डिस्कवरचं लेबल बदललं. मोजायची हौस आहे ना, मोजपट्टीबाई? मग वेग मोज. आकडा काहीही येऊ दे, तुझ्या आईला तो तूच सांगायचा."

तिने चार्जर लावला. हार्ड डिस्क असती, तर सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या पुढे गेली नसती. तिची एसएसडी नवी असताना पाचशे तीसपर्यंत गेली होती. तिने चाचणी सुरू केली. मामा पाठमोरा उभा राहून भिंग पुसत होता. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी तो पुसत राहिला.

पडद्यावरची हिरवी पट्टी भरत गेली आणि थांबली.

वाचनाचा वेग सेकंदाला पाचशे एकवीस एमबी.