फांदी छाटावी अथवा यंत्र हलवावे

“काका, बोल्ट गंजलेत. घरात थोडं तेल मिळेल का?” गच्चीवर उकिडव्या बसलेल्या फिटरने विचारलं, तेव्हा काकांच्या हातात आजचा कोरा कागद होता.

हा कागद लिहिण्याचा नव्हे. काकांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गच्चीवरचं यंत्र चोवीस तास चौकातली हवा ओढून या कागदातून गाळत असे. कागद आत जाताना पांढरा असे, बाहेर येताना तव्याच्या बुडासारखा. काका दोन्ही वेळा त्याचं वजन करत आणि फरक नगरपालिकेच्या वहीत लिहीत. सव्वीस वर्षं ते सोनाराच्या चोखंदळपणाने धूळ तोलत आले होते.

“यंत्र काढायला कोणी सांगितलं?”

“साहेबांनी. लेखी आहे.”

तेवढ्यात आक्का चहा घेऊन धापा टाकत वर आली. “तुझीच माणसं ना रे बाळ्या? म्हटलं, घोटभर देऊ. म्हणजे झालं एकदाचं वर्ष पूर्ण?”

वर्षाला एकोणीस दिवस कमी होते. एकाच जागी सलग बारा महिने आकडे मर्यादेबाहेर गेले, तर त्या रस्त्यावरचे ट्रक बंद करायचे, असा नियम होता. हा नियम काकांनीच आक्काला समजावला होता. त्या भरवशावर दमा असलेल्या आक्काने डोक्यावर घरघरणारा पंप वर्षभर सोसला होता.

“बघून येतो,” काका म्हणाले आणि जिना उतरले.

साहेब कधीकाळी शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, तेव्हा कागद चिमट्यात कसा धरायचा हे त्यांना काकांनी शिकवलं होतं. काकांच्या डब्यातली भाजी खाऊनच ते विभागप्रमुख झाले, असं कचेरीत म्हणत. अजूनही काका आले की ते उठून उभे राहत. आज जरा जास्तच झटकन उठले.

“बसा काका. हे पत्र तुमचंच ना?”

तीन आठवड्यांपूर्वीचं, काकांच्या मोत्यासारख्या अक्षरातलं. ‘शेजारील झाडाची फांदी यंत्रालगत आली असून नियमानुसार फांदी छाटावी अथवा यंत्र हलवावे.’ खरं तर काकांना फांदीच छाटून हवी होती. पण नियमातलं वाक्य अर्धंच उतरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“फांदी छाटायला पाच मिनिटं लागतात.”

“फांदी उद्यान विभागाची. ते म्हणतात, आधी हरकती मागवा. यंत्र आपलं.”

“कुठे नेताय?”

“टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी.”

“तिथे बेचाळीस झाडं आहेत.”

“नियमापेक्षा हातभर लांबच आहेत. टेप लावून मोजलंय. अंदाजाने काही लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

काकांनी पत्र परत सरकवलं. “आणि माझे अकरा महिने?”

“दप्तरात राहतील की. जागा बदलली, आता वर्ष नव्याने मोजायचं.” साहेबांनी आवाज खाली आणला. “ट्रक वळवायचे कुठून, काका? बाहेरचा रस्ता कागदावरच आहे. बारा महिने भरले असते तर मला सही करावी लागली असती.”

“तूच म्हणाला होतास, आकडे आणा, सही मी करतो.”

खुर्ची मिळाल्यापासून साहेबांना कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघू लागले. “आता आकडे खाली येतील. सगळ्यांना बरंच की. चहा मागवू?”

“नको,” काका म्हणाले. “आक्काकडे झालाय.” तोही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी टाकीपाशी पहिला कागद निघाला. आत गेला होता तसाच बाहेर आला. वजनातला फरक पाहून काकांनी काटा दोनदा तपासला. काटा चोख होता. खोटा आकडा असता तर सही नाकारता आली असती. पण हा खरा होता, म्हणून त्यांनी तो वहीत लिहिला आणि खाली सही केली.

संध्याकाळी ते आक्काकडे गेले. चौकातल्या पाटीवर हिरवी अक्षरं झळकत होती : ‘आजची हवा चांगली’. पाटीखाली ट्रकांची रांग सिग्नल सुटायची वाट बघत गुरगुरत होती.

“आलास? वाचलंस ना?” आक्का खोकला आवरत म्हणाली. “शेजारणीला म्हटलं, बघ, माझ्या भावाने करून दाखवलं. ट्रक आहेत म्हणा अजून, पण जातील हळूहळू. ती पाटी तुझ्याच आकड्यावर चालते ना?”

“हो.”

“खरा आकडा?”

“खराच.”

“मग झालं तर.” ती रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसली. धूर येऊ नये म्हणून फटींत कोंबलेले चिंध्यांचे बोळे एकेक काढून मांडीवर ठेवू लागली.

“आक्का, राहू दे ती खिडकी.”

“का रे? तूच लिहिलंस ना, चांगली म्हणून?”

कुठली हवा, हे सांगायला काकांनी तोंड उघडलं, पण सिग्नल सुटला आणि खालचा गलका वर आला. ते उठले. तिच्या मांडीवरचे बोळे ओंजळीत घेतले आणि एकेक करून फटीत परत बसवू लागले, यंत्रात कागद बसवताना लावत तसाच हलका हात लावून, कुठे सुरकुती राहू न देता. आक्का बघत राहिली. मग तिने खाली पडलेला एक बोळा उचलून त्यांच्या हाती दिला.