काचेपलीकडचं बोलणं

डोरीनचा जन्म इंग्लंडातल्या बर्न्लीच्या कापडगिरणीत माग चालवण्यात गेला. धोटा जाई, धोटा येई, आणि त्या खडखडाटात बायका आवाजाचा नाद सोडून नुसत्या ओठांनी बोलत. पुढे कान गेले, ओठ वाचायची खोड तेवढी राहिली.

ऐंशी साली लेकीच्या बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित होत होता, तेव्हा ती मनुकांचे केक घेऊन स्टुडिओत गेली. लिनेट कानांवर हेडफोन चढवून बास गिटार वाजवत होती, मान खाली, जणू गिटारची माफी मागत होती. डोरीन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. जाड काचेपलीकडे गाणारा रसेल आणि ध्वनिमुद्रक गॉर्डन बोलत होते.

"जीव नाही हिच्या वाजवण्यात," गॉर्डनचे ओठ म्हणाले.

"अजून एकदा घेऊ," रसेलचे ओठ म्हणाले. "नाहीच जमलं तर माझा भाऊ वाजवेल. हिला उद्या सांगू."

लिनेटने हेडफोन काढले. "आई, काय म्हणतायत गं?"

गिरणीत ओठांनी खोटं बोलायची सोय नव्हती, मागांवरचा सगळा साचेखाता बघत असे. डोरीनने आवाज काढून खोटं सांगितलं.

"म्हणतायत, पोरगी चांगली आहे. फक्त मान वर करून वाजव म्हणावं."

"रसेल असं म्हणाला?"

"त्याच्या तोंडून आलं, बाय."

लिनेटने मान वर केली. काचेकडे रोखून बघत तिने सूर धरला. डोरीनला ऐकू फारसं आलं नाही, पण लाकडी जमिनीतून तळव्यांत काहीतरी चढलं, सकाळी सगळे माग एकदम सुरू झाल्यासारखं. तिचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

काचेमागे गॉर्डन पुढे वाकला. "हे ठेवू. आणि तो धपधप आवाज कसला?"

"तिची आई," रसेल म्हणाला. "राहू दे तोही."

मग तो बाहेर आला. "लिनेट, झकास. आम्हाला पहिल्यापासून खात्री होती."

डोरीनने त्याच्या हातात केक ठेवला आणि आवाज न करता, ओठ सावकाश हलवत म्हणाली, "तुझ्या भावालाही ने एक."

रसेलने ते नीट वाचलं. त्याची आई जन्मभर डोरीनच्या शेजारच्या मागावर होती. असल्या घरात वाढूनही तो काचेवर विसंबला होता. त्याचे कान लाल झाले.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तिला सांगितलंत?"

"मला कुठे ऐकू येतं?" डोरीन म्हणाली.

अल्बमच्या वेष्टनावर लिनेट समोर बघते आहे आणि रसेल पाठमोरा उभा आहे. फोटोच्या वेळी डोरीन छायाचित्रकाराच्या मागे बसली होती. मासिकवाल्यांनी त्या पाठीत आधुनिक माणसाचं एकटेपण पाहिलं.