जरा सरकून घ्या

पंधरा ऑगस्टच्या सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता माझ्या सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं की ही त्यांची जपानची पहिली आणि शेवटची खेप. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं ते जायचंच, आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही. भांडण झालं नव्हतं, तब्येतीचीही कुरकुर नव्हती. तक्रार एकच होती आणि ती त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अंबरीषला, अगदी शांतपणे सांगितली. "देश उत्तम आहे रे. पण माणूस माणसाशी बोलत नाही."

यात खोटं काही नव्हतं. उरायासुतल्या आमच्या इमारतीत शेजारी लिफ्टमध्ये भेटले की छान वाकतात आणि मग अकरा मजले आपापल्या बुटांकडे बघत उभे राहतात. बाबा कोथरूडच्या सोसायटीचे कायमचे चेअरमन. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाच्या मुलाचा दहावीचा निकाल त्यांना पाठ. अशा माणसाला दोन महिने बुटांकडे बघायला लावलं तर तो दुसरं काय म्हणणार?

सासरा परत यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली सून माझ्याशिवाय दुसरी कोणी असेल असं वाटत नाही. पण मी बसले होते. आमची तन्वी आठ वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं जपानीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. बाबा आल्यापासून ती त्यांच्याशी मराठीत भांडायला लागली होती. शिवाय स्वयंपाकघरात गवार निवडताना माझ्याशी गप्पा मारणारं माणूस मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं. मला ते हवे होते, इतकं साधं होतं ते.

त्या संध्याकाळी खाडीकाठच्या बागेत शहराची आतषबाजी होती. इथं हे दिवस पूर्वजांच्या सणाचे, आणि पंधरा ऑगस्ट म्हणजे जपान महायुद्ध हरल्याचा दिवस, त्या दिवशी लोक जरा हळू आवाजातच बोलतात. म्हणून आमचं मराठी मंडळ सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये दारं लावून झेंडावंदन उरकतं आणि संध्याकाळी डबे घेऊन आतषबाजीला जातं. जागा धरायचं काम यंदाही माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी मी धरलेली जागा नेमकी एका झाडामागे निघाली, आणि मंडळाच्या अध्यक्षा विभाताई वर्षभर मला भेटल्या की त्या झाडाची खुशाली विचारत होत्या.

मी बाबांना इथली पद्धत सांगितली. दुपारी जायचं, निळी ताडपत्री अंथरायची, कोपऱ्यावर चिकटपट्टीनं नाव लावायचं आणि घरी यायचं. कोणी तिला हात लावत नाही. बाबांना हसू आवरेना. स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून, पिशवी टाकून, एकदा तर धाकट्या भावालाच आत टाकून जागा धरलेला माणूस तो. राखणीला माणूस नाही आणि जागा शाबूत, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. मी स्वतः बसतो, म्हणाले. मलाही तेच हवं होतं. निदान एक दिवस तरी त्यांना काम मिळालं. उन्हं उतरल्यावर पांढरा कुर्ता, छत्री, झेंडावंदनातून उरलेले तिरंगी बिल्ले आणि स्वतः वळलेले बेसनाचे लाडू घेऊन ते निघाले. मी सोबत गेले, ताडपत्री अंथरून त्यांना तिच्यावर बसवलं आणि घरी आले.

साडेसहाला आम्ही सगळे डबे, पोरं, पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचलो. पुढे विभाताई, मागे मंडळ. जागा अप्रतिम होती, समोर नुसतं पाणी. फक्त ताडपत्री कुठे दिसत नव्हती. तिच्यावर जपानी म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. चपला कडेला ओळीनं लावलेल्या, छातीवर तिरंगी बिल्ला, हातात अर्धा अर्धा लाडू. मधोमध बाबा मांडी घालून बसले होते आणि मराठीत काहीतरी समजावून सांगत होते. सगळे माना डोलवत होते.

झालं होतं ते असं. मोरिता नावाच्या एक आजी काठी टेकत कडेला उभ्या होत्या. बाबांनी त्यांना खुणेनं बसायला सांगितलं. आजी वाकून नको म्हणाल्या. आता, आपल्याकडे पहिल्या दोन-तीन नकारांना नकार कोण धरतं? बाबांनी आग्रह केला, आजी पुन्हा वाकल्या, बाबांनी लाडू पुढे केला. परक्याच्या ताडपत्रीवर पाऊल ठेवायचं नाही हा इथला नियम, पण समोरच्याला इतक्यांदा नाही म्हणणं हेही इथल्या रीतीत बसत नाही. शेवटी आजी टेकल्या. मागून त्यांच्या ज्येष्ठांच्या क्लबातली मंडळी त्यांना शोधत आली. त्यांनाही तोच आग्रह झाला.

विभाताई माझ्याकडे वळल्या. ते झाड आता मला जन्मभर पुरणार हे मी ओळखलं. डब्यांची ती मिरवणूक बघून मोरिता आजींच्या लक्षात सगळा प्रकार आला. त्या लगबगीनं उठायला लागल्या, त्यांच्या मागोमाग सगळे. सुमिमासेन, सुमिमासेन, म्हणजे माफ करा, माफ करा, असा एकच गलका. कोणी चप्पल शोधतंय, कोणी बिल्ला काढून परत देतंय. आणि मी बाबांचा चेहरा पाहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या घरी पाहुणे आले होते आणि आम्ही त्यांना उठवत होतो.

मला विभाताईंची भीती वाटते, हे मी कबूल करते. तरी मी त्यांच्या हातातला मसालेभाताचा डबा घेतला आणि ताडपत्रीच्या मधोमध ठेवला. म्हटलं, "बाबा, कोणाला उठवू नका. काय करायचं ते तुम्हीच सांगा."

बाबांनी तन्वीला जवळ बोलावलं. "यांना सांग बेटा, उठायचं नाही. सरकायचं."

तन्वीनं कमरेवर हात ठेवून ते जपानीत सांगितलं, स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात. मग मोरिता आजी खुदकन हसल्या, खाली बसल्या आणि इवलंसं सरकल्या. बाबांनी मान हलवली. हे काही सरकणं नव्हे. त्यांनी स्वतः सरकून दाखवलं, गुडघे पोटाशी, खांदा शेजाऱ्याच्या खांद्याला. एसटीचं सगळं शास्त्र त्यांनी पाच मिनिटांत शिकवलं. त्यानंतर त्या ताडपत्रीवर किती माणसं मावली म्हणता! विभाताई दोन आजींच्या मधे अशा घट्ट बसल्या की त्यांना रागानं वळताही येईना. एक आजी त्यांना पंख्यानं वारा घालत होती. चौथ्या वाऱ्याला विभाताईंनी तिला अळूवडी वाढली.

आतषबाजी सुरू झाली. प्रत्येक बाराला आजी मंडळी लांबलचक आऽऽ म्हणायची, आणि थोड्या वेळानं आम्हीही म्हणायला लागलो. मधेच विभाताईंनी आकाशात तिरंगा झाल्याचं जाहीर केलं. केशरी मी पाहिलं होतं, हिरवं बरंच नंतर आलं, आणि पांढरा बहुतेक धूर होता. पण दिवस तसा होता, कोणी वाद घातला नाही. बाबा आकाशाकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होते. मोरिता आजींच्या नातवाला कुठल्या परीक्षेत किती मार्क पडले, ते तन्वीमार्फत त्यांना तोवर कळलंही होतं.

संपल्यावर सगळ्यांनी मिळून कचरा वेचला आणि ताडपत्रीची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केली. मोरिता आजींनी बिल्ल्याकडे बोट दाखवून, ठेवून घेऊ का, असं विचारलं. बाबांनी खिशातून आणखी एक काढून दिला.

घरी परतताना ताडपत्री बाबांच्या काखेत होती. ती मी मागितली तर देईनात. आम्ही पूल ओलांडला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा मोठी घे गं. पाय आखडतात."

अंबरीषनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.