एकतीस अज्ञात सहकारी

संस्थेचे पत्र अडीच ओळींचे होते. पहिल्या ओळीत माझ्या थोरल्या बहिणीचे आभार, दुसरीत दिलगिरी आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत निष्कर्ष: शब्दकोशातील एकतीस अक्षरांचे काम एकतीस अज्ञात सहकाऱ्यांनी केलेले असल्यामुळे शीर्षकपृष्ठावर कोणा एकाचे नाव देता येणार नाही.

हे काम ताईने सात वर्षे एकटीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या संगणकावर केले होते. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून इतरांची नावे बिनचूक छापून दिल्यावर तिला एकदा स्वतःचे नाव छापलेले पाहायचे होते. कोशाच्या संकेतस्थळावर कोणालाही नोंदी लिहिण्याची मुभा होती. खाते उघडायचे तर मात्र ‘पदवी’ हा रकाना भरल्यावाचून अर्ज पुढे सरकत नसे. ताईला पदवी नाही. तिने खात्यावाचून लिहिले, आणि अशा लेखकाच्या नावाच्या जागी संकेतस्थळ त्याच्या इंटरनेट जोडणीचा आयपी क्रमांक छापत असे. एका अक्षराच्या सर्व नोंदींखाली एक क्रमांक, पुढच्या अक्षराच्या नोंदींखाली दुसरा. एवढ्या सामग्रीवरून संस्थेच्या विद्वानांनी एकतीस माणसे जन्माला घातली.

खुलासा करायला आम्ही दोघे संस्थेत गेलो. वाचनालयातून चिटणिसांच्या खोलीकडे जावे लागते, म्हणून दारातल्या शिपायाने नियमाप्रमाणे माझी पिशवी ठेवून घेतली आणि एक पितळी बिल्ला हातावर ठेवला.

“बाई, राग मानू नका,” चिटणीस म्हणाले, “पण यंत्र काही खोटं बोलत नाही. एकतीस क्रमांक म्हणजे एकतीस घरं.”

“घर एकच आहे,” ताई म्हणाली. “आणि त्यातलं कामाचं माणूसही एकच. हा नुसता चष्मा शोधत फिरतो.”

मी हा शेरा ऐकला न ऐकलासा केला आणि विषयाकडे वळलो. क्रमांक घराच्या दारावर ठोकलेला नसतो, हे मी शक्य तितक्या थंडपणे सांगितले. जोडणी देणारी कंपनी आपल्या साठ्यातला एक क्रमांक घरच्या राउटरला ठरावीक मुदतीपुरता वापरायला देते. राउटर चालू असेल तोवर ती मुदत बहुधा आपोआप वाढत राहते. तो दोन-दोन दिवस बंद ठेवला, तर मुदत सरते, क्रमांक दुसऱ्याच कोणाकडे जातो, आणि राउटर पुन्हा सुरू केला की त्या वेळी जो मोकळा असेल तो पदरात पडतो.

“आणि तो नेमका अक्षर संपल्यावरच बदलतो?” चिटणिसांनी बाजी मारल्याच्या सुरात विचारले. “एवढा शहाणा राउटर?”

“राउटर नाही, मी,” ताई म्हणाली. “छापखान्यात एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, तपासून पुरा झाला की आम्ही टेबलावरचा दिवा मालवायचो. ती सवय गेली नाही. अक्षर संपलं की राउटरचं बटण बंद, दोन दिवस सुट्टी. अक्षर चालू असलं की त्याच्यावर चिठ्ठी, ‘हात लावू नये’.”

मी बिल्ला चिटणिसांपुढे ठेवला. “आपल्याच वाचनालयाचा. आज सतरा नंबर. गेल्या आठवड्यात बावन्न मिळाला होता. आपल्या मते मी एकूण किती जण आहे?”

चिटणिसांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे क्रमांक कायमचा कोणाचाच नसतो, हे तुम्हीच कबूल करताय. मग ती अक्षरं बाईंचीच कशावरून?”

तर्कशास्त्राचे ग्रंथ वाचण्यात माझी हयात गेली. इतक्या थोड्या श्रमात इतका मोठा अन्याय सिद्ध करणारे अनुमान माझ्या वाचनात नव्हते. मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच ताईने शांतपणे विचारले, “तुम्ही कोश वाचलाय का?”

“मी त्याचा संपादक आहे, बाई.”

“ते नाही विचारलं मी. कुठलंही अक्षर उघडा. उदाहरणादाखल दिलेली वाक्यं वाचा. मोठ्यानं.”

चिटणिसांनी पडद्यावर ‘ग’ उघडला. “गहाळ. ‘धाकट्याचा चष्मा पुन्हा गहाळ झाला.’” त्यांनी घाईने ‘ड’ उघडला. “डोके. ‘चष्मा डोक्यावर असताना धाकट्याने घर डोक्यावर घेतले.’” मग ‘प’. “पांडित्य. ‘धाकट्याच्या पांडित्याने भाजी चिरली जात नाही.’”

‘ह’पर्यंत तेच चालले. एकतीस क्रमांक, एकतीस अक्षरे, आणि प्रत्येकात आमचे स्वयंपाकघर, आमचा गळका नळ, धाकटा आणि त्याचा चष्मा. संस्थेच्या संपादक मंडळाने यातली प्रत्येक नोंद मंजूर केली होती. वाचली एकही नव्हती. मला ही गोष्ट सविस्तर आणि न विसरता येईल अशा शब्दांत सुनवायची होती. पण सात वर्षे त्याच टेबलावर जेवणाऱ्या मीही त्यातले एक पान उघडलेले नव्हते, आणि ताई माझ्याकडेच पाहत होती.

“चष्मा...” चिटणीस माझ्याकडे पाहून पुटपुटले. “आपल्या डोक्यावर आहे.”

पंधरा दिवसांनी शीर्षकपृष्ठाचे प्रूफ घरी आले. त्यावर ताईचे नाव होते. खाली लहान टाइपात: ‘आणि इतर’. सोबत चिठ्ठी, की मंडळात वाद नको म्हणून.

मी चार पानी निषेध लिहायला बसलो.

“ऊठ,” ताई म्हणाली. “भाजी चीर.”

तिने लाल पेन्सिल घेतली, ‘आणि इतर’वर रेघ मारली, समासात काढून टाकण्याची खूण केली आणि प्रूफ परत पाठवले. दुसऱ्या प्रुफात ते दोन शब्द पुन्हा आले. तिने पुन्हा रेघ मारली. आता तिसरे यायचे आहे. राउटर चालू आहे, आणि त्याच्यावरची ‘हात लावू नये’ ही चिठ्ठी तिने अजून काढलेली नाही.