चिलीच्या सुट्टीत वाजलेला पेजर

मित्रांनो, मी एक जुना पेजर आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा आणि रागीट. माझ्या खोक्यातले बाकीचे भाऊ इस्पितळात गेले. ते वाजले की डॉक्टर धावत, माणसं वाचत. मी मात्र ओहायोतल्या डब्लिन गावी, एका सॉफ्टवेअर कंपनीत आलो. मी वाजलो की दूर चिली देशातल्या बुटांच्या दुकानांची अडकलेली बिलं सुटत. एवढंच माझं पुण्य.

२००३ साली मला नागपूरच्या शैलेंद्रच्या पट्ट्याला अडकवलं. त्याचे साहेब उल्हासराव, मूळचे पुण्याचे, बोलण्यात खडीसाखर. त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून दिली.

"हे बघ, अमेरिकेच्या सुट्टीला चिलीची दुकानं उघडी, म्हणून तू कामावर. चिलीच्या सुट्टीला दुकानं बंद, म्हणून तू घरी. फेअर आहे की नाही?"

शैलेंद्रनं मान हलवली. न हलवून सांगतो कुणाला? त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद उल्हासरावांच्याच टेबलावर होते.

मग थँक्सगिव्हिंगला सगळं गाव जेवायला बसे आणि शैलेंद्र बिलं सोडवत बसे. फोर्थ ऑफ जुलैचे फटाके त्यानं ऑफिसच्या काचेतून पाहिले. मी थरथरलो की त्याची बायको शैला म्हणे, "वाजला मेला!" अहो, मी कुठे वाजतो? मला वाजवणारा निराळाच असतो. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची माणसांना सवय आणि वांगं नेहमी मीच.

चिलीचे सण आम्हाला कळले ते पत्रीसिओमुळे. हा सांतियागोतला दुकानांचा माणूस. बिलं दुरुस्त होईपर्यंत फोनवर गप्पा मारायचा.

"अठरा सप्टेंबर म्हणजे आमचा स्वातंत्र्याचा सण! घराघरावर झेंडा. मैदानात झाडाच्या फांद्यांचे मांडव, त्यात गाणं, खाणं, पिणं. रुमाल फिरवत जोडीनं नाचायचं. एकोणीसला सैन्याची परेड, तीही सुट्टी."

"आणि वीसला?" शैलेंद्रनं विचारलं.

"वीसला डोकं दुखतं, मित्रा." मग तो म्हणाला, "आणि पतंग! अठराला आभाळ दिसत नाही, इतके पतंग."

शैलेंद्र खुर्चीतून उठलाच. नागपूरचा माणूस, संक्रांतीला गच्चीवरून न उतरणारा. ओहायोत संक्रांतीला गुडघाभर बर्फ असतो, पतंग कसला उडवता! आणि इथे आयतीच सप्टेंबरातली संक्रांत मिळत होती.

त्या वर्षीपासून या घरानं चिलीचा सण धरला. शैलानं एम्पनाडा या चिलीतल्या सणाच्या पदार्थाचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "हात्तिच्या! ही तर करंजी." मग कांदा, उकडलेलं अंडं आणि मनुका भरून तिखट करंज्या होऊ लागल्या. छोट्या अनिकानं कागदाचा झेंडा रंगवून दारातल्या टपालपेटीला चिकटवला. समोरच्या आजोबांनी विचारलं, "टेक्सासचे का तुम्ही?" दोन्ही झेंड्यांवर एकच चांदणी, त्यांचं काय चुकलं! पण पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नो! इट्स चिली डे. माय बाबा इज होम." झेंड्याचा अर्थ तिच्यापुरता एवढाच होता. वर्षात एक दिवस असा, की बाबा नक्की घरी.

आणि २००६ साली उल्हासरावांना बुद्धी सुचली.

"शैलेंद्र, अठराला अपग्रेड टाकू या."

"अठराला सुट्टी आहे सर. चिली बंद."

"बंद आहे म्हणूनच ना! चालत्या गाडीचं चाक बदलतात का कधी?"

"पण चिली बंद तेव्हा मी घरी, असं तुम्हीच ठरवलं होतं."

"तू काय चिलीचा नागरिक आहेस?"

"थँक्सगिव्हिंगला म्हणालात, तू काय अमेरिकन आहेस. दिवाळीला म्हणालात, अमेरिकेत कुठली दिवाळी. मग मी आहे तरी कुठला, सर?"

उल्हासराव मनमोकळं हसले. या गृहस्थांना थँक्सगिव्हिंगला फ्लोरिडा, दिवाळीला मराठी मंडळाचं नाटक. सुट्टी दुसऱ्यानं मागितली की मात्र त्यांना देशप्रेम आठवे. शेवटी म्हणाले, "सकाळी लवकर ये, काम उरक, दुपारी जा. एन्जॉय कर यार!"

शैलेंद्रनं तसंच केलं. काम चोख झालं. शाळा सुटल्यावर तिघं पार्कात गेली. पतंग चढला. अनिकाच्या हातात दोरा, बापाचा हात तिच्या हातावर. "ढील दे, ढील दे! आता खेच!" नागपूरची गच्ची त्याच्या गळ्यात परत आली होती.

आणि मी थरथरलो. माझ्या पडद्यावर उल्हासरावांचा नंबर आणि पुढे ९११, म्हणजे जिवावरचं संकट. त्यांना समोशाचा ट्रे सापडला नाही तरी ते ९११ लावत. मला तोंड असतं तर मी ते मिटून घेतलं असतं. पण माझ्या जातीला फक्त ओरडता येतं.

शैलेंद्रनं मोबाइलवरून फोन लावला. "काय बंद पडलं, सर?"

"पडलं काही नाही रे. वरचे साहेब अचानक आलेत. टीम जागेवर दिसायला हवी. खुर्ची रिकामी बरी दिसत नाही. ये पटकन."

शैला म्हणाली, "अहो, सांगा ना नाही म्हणून!" त्यानं फोन खिशात टाकला. अनिकानं वर पाहिलं. "बाबा, इज इट चिली?"

"नाही गं. चिलीला सुट्टी आहे."

तिनं थोडा विचार केला. मग दोऱ्यावरचा त्याचा हात आपणच बाजूला केला आणि मोठ्या बाईसारखी म्हणाली, "इट्स ओके, बाबा. गो."

मित्रांनो, उल्हासरावांच्या ९११चा मला राग आला, पण या 'इट्स ओके'चा त्याहून जास्त. आठ वर्षांच्या मुलीनं इतकं समजूतदार होऊ नये. बाप गेला. खुर्ची भरली. वरचे साहेब आलेही नाहीत त्या मजल्यावर. पुढच्या सप्टेंबरात शैलानं करंज्या केल्या, तर अनिका म्हणाली, "मला होमवर्क आहे."

२००८ साली शैलेंद्रला ईमेलवाला फोन मिळाला आणि मी खणात पडलो. माझ्यासारखे वृद्ध अशा वेळी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणणार नाही. मला धूळ खाऊ द्या. जपायची तर सुट्टी जपा, कुठल्याही देशाची असो. आणि पोरांनो, तुमचा बाबा मधूनच उठून निघाला, तर शहाण्यासारखं 'इट्स ओके' म्हणू नका. पाय आपटा, गळा काढा, चपला लपवा. आणि हेही ऐकून ठेवा: आम्हा यंत्रांच्या बॅटरीचं झाकण नुसत्या नखानं उघडतं.