अण्णांनी केलेली तयारी

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या सुमंतअण्णांना स्वच्छतेचं भारी वेड. १९९७ साली त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी घरूनच जय्यत तयारी केली आणि सकाळी नर्सिंग होमच्या कॉटवर ऐटीत बसले.

सर्जन कस्तुरी पुण्याहून आलेल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी चादर सरकवली आणि वाकून पाहिलं. ओटीपोट गुळगुळीत, त्यावर लाल ओरखडे, वर हळदीचा लेप.

"हे कुणी केलं?"

"मीच, नव्या कोऱ्या ब्लेडनं! सिस्टरना कशाला त्रास?" अण्णांना शाबासकीची अपेक्षा होती.

"अण्णा, आज ऑपरेशन होणार नाही."

"अहो, एवढा घासूनपुसून आलोय!"

"ब्लेडनं कातडीला चिरा पडतात, कातडीवरचेच जंतू त्यात वाढतात. मी तिथंच कापून आत आधाराला जाळी बसवणार. जंतू जाळीला चिकटले तर ती पुन्हा काढावी लागेल."

"माझ्या अंगावर जंतू?"

"सगळ्यांच्याच असतात. माझ्याही."

अण्णांच्या पत्नी वसुमतीअक्कांनी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. दोघं रिक्षानं घरी परतले. रात्रीचं जेवण झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "बाई खरं बोलली गं. गोड बोलून कापून मोकळी झाली असती, तर?"

ओरखडे भरल्यावर ते पुन्हा गेले, या वेळी फक्त साबणानं अंघोळ करून. थिएटरमध्ये नेण्याआधी प्रेमा सिस्टरनी लागतील तेवढेच केस मशीननं कापले. कस्तुरींनी हर्निया कुठल्या बाजूला ते अण्णांनाच विचारलं आणि उजवीकडे पेनानं बाण काढला.

"स्वल्प थांबा, जरासं," अण्णा त्यांच्या कानडी-मराठीत म्हणाले. "हात धुतलेत ना?"

प्रेमा सिस्टर दचकल्या. कस्तुरी मात्र खुलल्या आणि त्यांच्याच कानडीत उत्तरल्या. "आत जाऊन कोपरापर्यंत धुणार आहे. पण विचारलंत, सरी केलंत, अगदी बरोबर!"

ऑपरेशन छान झालं. भेटायला आलेल्या श्रीरंगनं, अक्कांच्या भावानं, "बघू तरी" म्हणत पट्टीकडे बोट नेलं, तशी अण्णांनी अशी काही आरोळी ठोकली, की शेजारचा पेशंट उठून बसला. जखम कोरडी राहिली, टाके निघाले, आणि त्याच संध्याकाळी अण्णा अक्कांना घेऊन गांधी बाजारात डोसा खायला गेले.